आरशाची ओळ

आबा ओदांग गेले तेव्हा आरोग्य केंद्राने कारणाच्या रकान्यात ‘साखर’ असं लिहिलं. साखर त्यांना वीस वर्षं होती आणि वीस वर्षांत तिने त्यांच्या वाटेला जायची हिंमत केली नव्हती. विविनला विचाराल तर कारण एक ओळ होती. आठ ओळींच्या स्क्रिप्टमधली तिसरी. ती ओळ विविननेच लिहिली होती, आणि चांगली लिहिली होती, हा त्यातला वाईट भाग.

विविन चिहालिमुनच्या वेधशाळेत प्रतिमा विभागात होती. विभाग म्हणजे ती, एक संगणक आणि एक पंखा. दुर्बिणीचा कॅमेरा जे चित्र पाठवतो ते माणसांना दाखवण्यासारखं नसतं. उघडलं तर ओल्या सिमेंटसारखा राखाडी चौकोन दिसतो. त्यातून चंद्र बाहेर काढायचा तर सॉफ्टवेअरला हुकूम द्यावे लागतात, आणि ते हाताने एकेक देत बसलं तर तोवर चंद्र घरी जातो. म्हणून विविनने ते एकाखाली एक लिहून ठेवले होते. चित्र उघड. उजेड ताण. डावं-उजवं उलट कर. चंद्राभोवती मोठं कर. वर तारीख-वेळ छाप. खाली प्रायोजकांची लाल पट्टी लाव. पीएनजी करून बाहेर काढ. पडद्यावर टाक. एवढं झालं की पुढच्या चित्रापासून परत तेच. विविनच्या आयुष्यात तिचं कुरकुर न करता ऐकणारं एवढंच कोणी होतं.

तिसऱ्या ओळीला कारण होतं. दुर्बिणीच्या शेपटीला एक आरसा होता. तो प्रकाश वळवून कॅमेऱ्यात सोडायचा आणि जाता जाता आरशाच्या जातीला जे जमतं तेच करायचा, डाव्याचं उजवं. स्क्रिप्ट ते परत सरळ करायची. मग रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आरशाला बुरशी लागली. चिहालिमुनच्या नावातच धुकं आहे. इथे बुरशी चपलेला लागते, कुराणाच्या कव्हराला लागते, एकदा तर नवऱ्यामुलाच्या टोपीला लागली होती. तंत्रज्ञाने आरसा काढून कपाटात ठेवला, कॅमेरा थेट दुर्बिणीला जोडला, वहीत तशी नोंद करून सही केली. विविनने नोंद वाचून खाली सही केली. स्क्रिप्टमधली ओळ मात्र जागची हलली नाही, कारण ओळीला वही वाचता येत नाही.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी टेकडीवर, वेधशाळेच्या अंगणात, अर्धं गाव जमलं होतं. कोर दिसली तर उद्या ईद. नाही दिसली तर आणखी एक रोजा, आणि घरोघरी नारळाच्या दुधात शिजत पडलेल्या कोंबड्यांचं काय करायचं हा प्रश्न. धार्मिक न्यायालयाचे न्यायाधीश हिरव्या कापडाच्या टेबलामागे बसले होते. ‘मी कोर पाहिली’ असं कोणी म्हणालं की ते आधी शपथ द्यायचे, मग चार प्रश्न विचारायचे, मग साक्ष घ्यायचे किंवा सोडून द्यायचे.

आबा ओदांग त्यांच्या ठरलेल्या दगडावर उभे होते. वय एकोणऐंशी. धंदा होड्या दुरुस्त करण्याचा, तोही आता हात थरथरायला लागल्यापासून बंद. पण डोळे अजून घारीचे. चाळीस वर्षं दर ईदेला त्यांनी या टेकडीवर शपथ घेतली होती आणि त्यांच्या शब्दावर खाली मशिदीत नगारा वाजला होता. गावातल्या बायका म्हणायच्या, चंद्र वर यायच्या आधी आबांना विचारून येतो.

सहा वाजून एक मिनिटाने आबांनी बोट वर केलं. सहा वाजून तीन मिनिटांनी विविनच्या पडद्यावर सिमेंटमधून नखाएवढी कोर वर आली. म्हणजे एकोणऐंशी वर्षांचे डोळे यंत्राच्या दोन मिनिटं पुढे होते. हे कोणी नोंदवलं नाही. त्याला रकाना नव्हता.

आबांनी शपथ घेतली. अल्लाहची शपथ, मी कोर पाहिली.

“कुठे पाहिलीत, आबा?” न्यायाधीशांनी विचारलं.

“सूर्य बुडाला तिथून डाव्या हाताला. चार बोटं वर.”

“शिंगं कुणीकडे?”

“वर, आणि डावीकडे. कललेली. वाळूवर ओढून ठेवलेली होडी कशी एका कुशीवर पडते, तशी.”

न्यायाधीशांनी मान वळवून अंगणात लावलेल्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. टेकडीवरच्या सगळ्यांनी पाहिलं. पडद्यावरची होडी दुसऱ्या कुशीवर पडली होती.

“आबा, इथे तर शिंगं उजवीकडे दिसतात.”

आबांनी डोळे बारीक करून पडदा पाहिला. मग आकाशाकडे पाहिलं. तेवढ्यात समुद्रावरून धुक्याचा एक पट्टा आला आणि कोर त्याच्यामागे गेली.

“मग पडदा चुकला,” आबा म्हणाले.

लोक हसले. थेट प्रक्षेपण बघणारे दोन हजार लोकही हसले असावेत, कारण खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वेधशाळेचे संचालक पाक, म्हणजे साहेब, प्रासोजो कॅमेऱ्यापुढे मुलाखत देत होते. त्यांनी न वळताच विचारलं, “विविन, चित्र बरोबर आहे ना?”

दरवर्षीच्या अंदाजाच्या तक्त्यात कोरीची शिंगं कुठे कलतील तेही छापलेलं असतं. यंदा तक्ता नवा होता आणि प्रायोजकांचं चिन्ह मावावं म्हणून नेमका तोच रकाना काढला होता. सूर्य कुठे आणि चंद्र कुठे हे दोन आकडे तेवढे होते. एकातून दुसरा वजा केला असता तर आबा तिथल्या तिथे सुटले असते. विविनला वजाबाकी येते. ती विद्यापीठात पहिली आली होती.

“बरोबर आहे, पाक,” ती म्हणाली.

न्यायाधीशांनी आबांची साक्ष सोडून दिली. सभ्यपणे, खुर्चीतून अर्धवट उठून. “वय झालं की असं होतं, आबा. शपथेत खोट नव्हती, डोळ्यांत होती.”

मग माहिती कार्यालयातला यायान पुढे आला. तो संध्याकाळभर पडद्यासमोर फोन उंच धरून उभा होता. त्यानेही शपथ घेतली की त्याने कोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि ते खरंच होतं.

“शिंगं कुणीकडे?”

“उजवीकडे, पाक.”

“किती उंचीवर?”

यायानने आठवून सांगितलं, “लाल पट्टीच्या जरा वर.”

न्यायाधीशांना ती मावळतीची लाली वाटली. साक्ष मंजूर झाली. नगारा वाजला. शपथेवर सांगितलेली एकमेव सरळ गोष्ट त्या संध्याकाळी रद्द झाली, उलटी मंजूर झाली आणि ईद अगदी योग्य दिवशी आली.

ईदेला आबा नवी लुंगी नेसून मशिदीत गेले, सगळ्यांच्या गळ्यात पडले, घरी येऊन दोन घास भात खाल्ला. लोकांनी थट्टा सोडली नाही. चहाच्या टपरीवर कोणी ओरडायचं, “आबांना कप डावीकडून द्या रे, नाहीतर दिसायचा नाही!” कोणी विचारायचं, “आबा, मक्का कुणीकडे? नक्की?” आबाही हसायचे. दात चारच होते, ते सगळे दाखवायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी परत रोजे धरले. आमच्याकडे ईदेनंतरचे सहा रोजे पुष्कळ जण करतात, त्यामुळे पहिले सहा दिवस कोणाला काही वाटलं नाही. सातव्या दिवशी त्यांच्या मुलीने, इमासने, दुपारी ताट वाढलं आणि आबा म्हणाले, “झाक ते.”

“सहा झाले ना, आबा?”

“एकशे तेवीस करायचेत.”

इमासला वाटलं तिला ऐकायला कमी यायला लागलं. आबांनी बोटांवर समजावून सांगितलं. मोडलेल्या शपथेला तीन रोजे, हे लहानपणी शिकलेलं. यंदा त्यांना उलटं दिसलं. यंदा दिसलं तर गेल्या वर्षी कशावरून सरळ दिसलं होतं? त्याच्या आधीच्या वर्षी? मागच्या चाळीस आणि यंदाची एक, शपथा एकेचाळीस. तीन गुणिले एकेचाळीस.

मशिदीतल्या उस्तादांना बोलावलं. उस्ताद म्हणाले, “आबा, अल्लाह एवढा हिशेबी नाही.”

“तो नसेल. मी आहे,” आबा म्हणाले. “चाळीस वर्षं या गावाने माझ्या तोंडाकडे बघून रोजे सोडलेत. पाच गावांनी. त्यात किती जण मेले असतील चुकीच्या दिवशी जेवून, ते कोण मोजणार?”

संध्याकाळी रोजा सोडल्यावरही आबांना दोन घासांपलीकडे जात नव्हतं. आरोग्य केंद्राची डॉक्टरीण येऊन ओरडून गेली. गोळ्या भरल्या पोटी घ्यायच्या होत्या. आबांनी त्या पहाटे सूर्य उगवायच्या आत, भाताच्या दोन घासांबरोबर, सगळ्या एकदम घ्यायला सुरुवात केली. गोळीला काय कळतं दुपार झाली का, असं त्यांचं म्हणणं. गोळीला कळत होतं.

विविनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती वार्षिक अहवालात गुंतली होती. ईदेपासून सुरू झालेल्या शव्वाल महिन्याच्या बाराव्या दिवशी तिने वर्षभराची चित्रं परत बाहेर काढायला घेतली. स्क्रिप्ट चालू केली आणि नूडल्स खायला बसली. पडद्यावर चित्रं एकामागून एक उलगडत होती. तेजोमेघ, गुरू, धूमकेतू म्हणून पाठवलेला पक्षी. मग रमजानमधलं एक चाचणीचं चित्र आलं. आरसा काढल्यावर कॅमेऱ्याची नजर जुळवायला तंत्रज्ञाने दुर्बीण भर दुपारी खाली बंदरावर रोखली होती. चित्रात मासळी लिलावगृहाची पाटी होती, आणि पाटीवरची अक्षरं रुग्णवाहिकेच्या कपाळावरच्या अक्षरांसारखी उलटी होती.

विविनने तोंडातली नूडल तशीच ठेवून मूळ चित्र हाताने उघडलं. हुकूम एकेक दिला. उघड. उजेड ताण. पाटी सरळ होती. मग तिसरा हुकूम दिला. पाटी उलटी झाली. परत दिला. सरळ. परत. उलटी. असं तिने किती वेळा केलं कोण जाणे, पंख्याने नूडल्स गार केल्या. मग तिने ईदेच्या कोरीचं मूळ चित्र उघडलं आणि तिसरा हुकूम दिलाच नाही.

होडी डाव्या कुशीवर पडली होती.

संध्याकाळी ती धावत आबांच्या घरी गेली, तर इमास दारातच भांडी घासत होती.

“आलीस? ये. तुझ्या यंत्राने खोटा ठरवलेला साक्षीदार आतमध्ये झोपलाय. एकशे तेवीसमधला अकरावा रोजा.”

“तेह इमास,” विविन म्हणाली, ताईला आमच्याकडे तेह म्हणतात, “आबा बरोबर होते. माझी चूक झाली. चित्र मी उलटं केलं.”

इमासने कढई खाली ठेवली. “मुद्दाम?”

“नाही. एक ओळ राहिली.”

“एक ओळ,” इमास म्हणाली. “माझा बाप एका ओळीने मरायला टेकलाय. निदान पानभर तरी लिहायचं होतंस.”

आत आबा चटईवर पडून होते. त्यांच्या खोलीला समुद्राकडे, मावळतीकडे एक खिडकी होती. ती बंद होती आणि तिला आतून दोरी बांधली होती. विविनने गुडघ्यावर बसून सगळं सांगितलं. आरसा, बुरशी, वही, ओळ, पाटी. आबांनी नीट ऐकलं. यंत्रांबद्दल त्यांना आदर होता. त्यांनी आयुष्यभर इंजिनं असलेल्या होड्या दुरुस्त केल्या होत्या आणि बिघाड झाला की तो नेहमी माणसातच सापडायचा.

“नेंग, पोरी, तू चांगली मुलगी आहेस,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढी चढण चढून उतरून आलीस.”

“आबा, मी खोटं नाही बोलत!”

“त्या दिवशी पाक प्रासोजोंनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?”

“‘बरोबर आहे’ म्हणाले,” विविन म्हणाली.

“मग मी कुठल्या विविनचं ऐकू?” आबांनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरीच अडचण होती. “शपथ कागदावर गेली, नेंग. कागदावर ‘नामंजूर’ आहे. तर सुटकाही कागदावरच यायला हवी. शिक्का, सही. तोंडच्या गोष्टीवर मी आता भरवसा ठेवत नाही. माझ्या तर मुळीच नाही.”

“कागद आणला तर जेवाल?”

“मग कशाला उपाशी राहीन? मला काय हौस आहे?”

दुसऱ्या दिवशी विविन पाक प्रासोजोंच्या दारात उभी राहिली. ते संगणकावर स्वतःचीच मुलाखत बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला.

“ईद कोणत्या दिवशी झाली?”

“बरोबर दिवशी, पाक.”

“मग चूक कुठाय?”

“चित्र उलटं होतं. आबा ओदांगांची साक्ष—”

“हे बघ विविन. कोर दिसली हे खरं. यायानने पाहिली हे कागदोपत्री खरं. आता आपण लिहायचं की यायानने पाहिलेली कोर उलटी होती? उद्या कोणी म्हणेल ईदच उलटी होती. पाच गावांनी उलटी ईद केली. तू आणि मी परत सरळ करत फिरणार का, घरोघरी?”

“पाक, ते जेवत नाहीत. एकशे तेवीस रोजे करणार आहेत. त्यांना साखर आहे.”

पाक प्रासोजोंना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी ड्रॉवर उघडून खजुरांचा एक डबा काढला आणि आबांसाठी दिला.

विविन पुढचे दहा दिवस रोज त्या दारात जात राहिली. कधी पाक बैठकीत असायचे, कधी बैठकीची तयारी करत असायचे. इमासही एकदा आली. ती स्वागतकक्षात बसली आणि ‘काय काम आहे’ विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणाली, “चंद्राची तक्रार आहे.” तिला एक अर्ज भरायला दिला. त्यात ‘वस्तू कधी खरेदी केली’ असा रकाना होता.

शेवटी विविनला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. ती म्हणाली, “पाक, हीच कोर वार्षिक अहवालाच्या कव्हरवर आहे. अहवाल परदेशातल्या वेधशाळांनाही जातो. त्यांना पहिल्या नजरेत कळेल की आपला चंद्र उलटा आहे.”

पाक प्रासोजो खुर्चीत सरळ झाले. पाच मिनिटांत पत्राचा मसुदा तयार होता. ‘प्रतिमेच्या दिशेचे तांत्रिक समायोजन झाले असून, श्री. ओदांग यांचे निरीक्षण समायोजित प्रतिमेशी सुसंगत आहे. सोबत प्रतिमा.’ विविनने तो तीनदा वाचला. भाषा दगडासारखी होती, पण दगडाखाली आबा होते. तिने स्क्रिप्टमधली तिसरी ओळ पुसली, तारीख-वेळ आणि लाल पट्टी न लावता नुसती कोर परत बाहेर काढली, फाइलला ‘बरोबर’ असं नाव दिलं आणि पाठवून दिली.

पत्र तयार करायचं काम कार्यालयातल्या कारकून बाई इबू लीस्त्रींचं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक स्वल्पविराम चुकवला नव्हता. पाक प्रासोजोंनी मसुद्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चित्र उलटं आहे, सरळ करून जोडावे.’ ते विविनची फाइल यायच्या आधी लिहिलं होतं. इबू लीस्त्रींनी ते नंतर वाचलं. त्यांनी फाइल उघडली, आज्ञेप्रमाणे चित्र डावं-उजवं उलट केलं, जोडलं, छापलं, सही घेतली, गोल शिक्का मारला, पाकीट बंद केलं. पाक प्रासोजो त्याच दुपारी परिषदेला निघून गेले, नऊ दिवसांसाठी.

शव्वालच्या एकोणतिसाव्या दिवशी, उन्हं कलली तेव्हा विविन पाकीट घेऊन आबांच्या घरी पोचली. आबांचा अठ्ठाविसावा रोजा चालू होता. ते आता इतके थोडे उरले होते की चटईवर चटईच जास्त दिसत होती. पायाला एक जखम झाली होती, तिच्यावर केळीचं पान बांधलं होतं. इमासने तांदळाची पेज करून झाकून ठेवली होती. ती दररोज करून ठेवायची आणि दररोज स्वतः खायची.

“आणलं, आबा,” विविन म्हणाली. “शिक्का आहे, सही आहे.”

आबा कोपरावर उठून बसायला लागले. इमासने पाठीला आधार दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे त्या घरात महिनाभर नव्हतं. “वाच,” ते म्हणाले.

विविनने पाकीट तिथेच फोडलं. पत्र वाचलं. ‘निरीक्षण सुसंगत आहे’ इथे आबांनी डोळे मिटले. इमास रडत पेजेचं भांडं घ्यायला उठली.

“चित्र दाखव,” आबा म्हणाले.

विविनने दुसरं पान उलटलं आणि तिचा हात तसाच राहिला. तिने ते लपवायचा विचार केला, पण आबांचे डोळे अजून घारीचे होते.

“उजवीकडे आहेत,” आबा म्हणाले.

“आबा, हे छापताना, कार्यालयात कोणीतरी परत—”

“शिंगं उजवीकडे आहेत, नेंग. पहिल्यासारखीच.”

“कोणीतरी दुसऱ्यांदा उलटवलंय! मी सरळ पाठवलं होतं, त्यांनी सरळ करायला म्हणून परत उलटवलं. दोनदा उलटं केलं की—”

“दोनदा उलटं केलं की सरळ होतं,” आबा हळूच म्हणाले. “मला एवढं कळतं. होडी दोनदा पालथी घातली की उताणी.” तिला वाईट वाटू नये म्हणून ते हसले.

विविनला काय सुचलं ते तिलाही कळलं नाही. ती उठली, खिडकीची दोरी दाताने सोडली, झडप ढकलली. मावळतीचं ऊन सरळ खोलीत आलं. तिने ते पान उलटं करून, पाठीकडून, उजेडासमोर धरलं. कागद स्वस्तातला होता, सरकारी. कोर पाठीमागून झिरपून वर आली, आणि आता ती डाव्या कुशीवर पडली होती, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीसारखी.

“बघा आबा! ही! हीच पाहिलीत ना तुम्ही? सांगा, हीच ना?”

आबांनी डोळे बारीक करून पाहिलं. त्यांचे ओठ हलले. इमास भांडं घेऊन दारात उभी राहिली होती.

“हीच,” आबा म्हणाले.

“मग झालं! तेह, पेज आणा!”

“पण सही उलटी आहे, नेंग.”

विविनने पाहिलं. कोरीच्या खाली सही होती, तिच्यावर गोल शिक्का. उजेडात दोन्ही स्पष्ट दिसत होते आणि दोन्ही उजवीकडून डावीकडे निघाले होते.

“आणि शिक्काही,” आबा म्हणाले. “असा कागद चालत नाही. सही सरळ धरली तर चंद्र उलटा, चंद्र सरळ धरला तर सही उलटी. मी काय करू?”

“आबा, सहीला मारा गोळी!” इमास ओरडली. “तुम्ही पाहिलात ना? आत्ता म्हणालात ना, हीच म्हणून?”

“म्हणालो,” आबा म्हणाले. “तेव्हाही म्हणालोच होतो.”

ते चटईवर परत आडवे झाले. आधार काढून घ्यावा लागला नाही, ते हातातून आपोआप गेल्यासारखे खाली गेले. विविन कागद धरून तशीच उभी होती. पाक नऊ दिवसांनी येतील, मग नवा कागद करू, मी स्वतः समोर बसून छापून घेईन, असं काहीतरी ती बोलत होती. आबा मान हलवत होते, पाहुण्याच्या बोलण्याला हलवतात तशी.

बाहेर सूर्य पाण्याला टेकला होता. त्या संध्याकाळीही एकोणतीसच तारीख होती, म्हणजे पुढच्या महिन्याची कोर बघायची संध्याकाळ. त्या महिन्यात ईद नसते, म्हणून टेकडीवर कोणी जात नाही, न्यायाधीश नाही, प्रक्षेपण नाही. फक्त विविनला जावं लागतं, स्क्रिप्ट चालवायला. आता सात ओळींची.

“आबा, वर चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “मोटारसायकलवर नेते. शपथ नाही, साक्ष नाही. नुसतं बघा. तुम्ही आधी बघा, मग मी चित्र काढीन. तुम्ही म्हणाल त्या बाजूला कललेली असेल, पैज लावते.”

आबांचं लक्ष खिडकीकडे गेलं होतं. उघड्या झडपेतून समुद्र दिसत होता, त्याच्यावर आकाशाची नारिंगी पट्टी, आणि तिच्या वर जिथे चार बोटं मोजावी तिथे अजून काही नव्हतं. त्यांनी घाईघाईने हात डोळ्यांवर घेतला.

“खिडकी लाव, नेंग.”

“आबा—”

“लाव लवकर. सूर्य बुडाला की चुकून दिसायची.”

विविनने झडप ओढून घेतली आणि दोरी परत बांधली. गाठ तिच्याकडून नीट बसेना. इमासने भांडं खाली ठेवलं, तिला बाजूला केलं आणि ती स्वतः बांधली.